मोडीतल्या कवळ्या

बिडव्यानं पोतं उलटं केलं आणि आमच्या माजघरात साठ-सत्तर माणसं एकदम हसली.

माणसं कसली, नुसते दात. वरच्या कवळ्या, खालच्या कवळ्या, काही जोडीनं सुतळीत बांधलेल्या, काही जोडी हरवलेल्या. काही गुलाबी, काही जुन्या काळच्या लालभडक रबराच्या. आई तांदूळ निवडत बसली होती. त्यातली एक कवळी घरंगळत गेली आणि तिच्या सुपाच्या काठाला चावून बसली. तुम्ही म्हणाल, सुपाला धडकून थांबली असेल. धडकली नाही, चावली. मी तिथं होतो.

आईनं सूप तसंच खाली ठेवलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "दिगू, हे घरातून बाहेर जाऊ दे. आधी हे, आणि त्याच्या मागोमाग हा बिडवे."

एवढं बोलून ती परसात गेली. ते तांदूळ आम्ही खाल्ले नाहीत. गाईपुढे ठेवले तर गाईनंही दोनदा हुंगून मान फिरवली.

हे एकाहत्तर सालचं, बार्शीतलं. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. बायको पहिल्या बाळंतपणासाठी परांड्याला माहेरी गेलेली. घरात मी आणि आई. जन्मानं मी सोनार, पण शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी घालणारा चौदा कॅरेटचा कायदा आला तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पेठेतल्या दुकानाच्या फळ्या लावल्या. "भेसळ घडवायला माझा हात उठत नाही," म्हणाले आणि मरेपर्यंत पुन्हा ऐरणीपुढे बसले नाहीत. बारीक कामाला सरावलेले माझे हात रिकामे पडले. ते दातांच्या डॉक्टरांनी, उपळेकरांनी, उचलले. त्यांच्या दवाखान्यामागं, संडासाला लागून, एक खोली होती. डॉक्टर पुढं रोग्याच्या तोंडाचं माप घ्यायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचे, आणि तो साचा माझ्याकडे यायचा. मी त्यावर कवळी घडवायची. आठ वर्षं मी हेच केलं. लोक कवळी घालून आरशात बघायचे आणि म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.

तर पोतं घेऊन आलेला सदाशिव बिडवे. हा गल्लोगल्ली स्टीलची भांडी घेऊन फिरायचा आणि त्याच्या बदल्यात जुने कोट, जुनी लुगडी, फुटके कंदील, काय मिळेल ते उचलायचा. जिभेवर साखर आणि अंगाला रॉकेलचा वास.

"कुणाच्या आहेत या?" मी विचारलं.

"आता कुणाच्याच नाहीत."

"म्हणजे मेलेल्यांच्या?"

"दिगंबरशेठ, मेलेला माणूस दात नेत नाही. चितेवर ठेवायच्या आधी कोणीतरी काढतं. मग कवळी राहते वाटीत, पाण्यात. टाकवत नाही आणि ठेववत नाही. घरातल्या सुना त्या कोनाड्याकडे बघत नाहीत. मी दारात उभा राहून म्हणतो, ताई, त्या पण द्या. सुटल्यासारखं करतात हो! वर चहा पाजतात."

"आणि तू पितोस?"

"पितो की. चहाला काय झालंय?"

मी पायाच्या अंगठ्यानं एक कवळी उलटी केली. मागच्या दाढेच्या खाचेत सुपारीचा तुकडा अडकलेला होता. ती सुपारी ज्यानं खाल्ली तो गेला, जाळला, त्याचं तेरावं झालं, आणि सुपारी अजून चघळायची राहिली होती. वास तर विचारू नका. ओल्या पोत्याचा, शिळ्या विड्याचा, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी एक, ज्याला नाव नव्हतं.

"ऐक," बिडवे मांडी घालून बसला. "तू या घासायच्या, उकळायच्या, चकचकीत करायच्या. बाजारात बसून ज्याला जी बसेल ती थोडी कानस मारून बसवून द्यायची. गिऱ्हाईक मी आणतो. डॉक्टरकडची कवळी कुणाला परवडते? खेड्यातली म्हातारी माणसं बोळक्यानं मरतायत. आणि बस्तान बसलं की तुमचं पेठेतलं दुकान. फळ्या काढायच्या, पाटी लावायची. पोतदार दंतमंदिर. माझं नाव नको. पाटीवर तू."

तिथं त्यानं मला बरोबर पकडलं. आठ वर्षांत माझ्या कुठल्याही कामावर माझं नाव नव्हतं. म्हणजे तसं होतं. सोनार घडवलेल्या दागिन्यावर आपला ठसा मारतो. ती सवय माझ्या बोटांतून गेली नव्हती. वरच्या कवळीच्या आतल्या बाजूला, पार मागं, मी सुईच्या टोकानं एक बारीक 'दि' कोरायचो. डॉक्टरांना माहीत नव्हतं. रोग्याला माहीत असायचं कारण नव्हतं. शेकडो तोंडांत माझं नाव होतं आणि ते कुणीच वाचलेलं नव्हतं.

"किळस येते रे," मी म्हणालो.

"किळस?" बिडवे पुढं सरकला. "तुमच्या सात पिढ्या मोड घेत आल्या. मेलेल्या बाईची पाटली यायची, तुम्ही ती आटवून नव्या नवरीच्या हातात चढवायचात. नवरी कधी विचारायची, कुणाच्या प्रेतावरची म्हणून?"

"सोनं आटतं बिडवे. त्यातलं माणूस जळून जातं."

"मग उकळ की चांगलं तासभर! जळत नाही तर शिजून जाईल."

मला हसू आलं. किळस आणि हसू एकाच नळीतून वर येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आई परसातून सगळं ऐकत होती. दारात येऊन उभी राहिली. "दुकानाची किल्ली माझ्या कमरेला आहे," म्हणाली. "यांच्या बैठकीवर लोकांची थुंकी सांडू देणार नाही. दवाखान्यात करतोस ते कर. तिथलं तिथं राहतं."

"माई, तुम्ही एकदा..." बिडवे म्हणाला.

"तू उचल तुझी माणसं."

बिडव्यानं माणसं उचलली. जाताना अंगणात माझ्या कानाशी लागला. "रविवारी कोळेगावचा बाजार आहे. एक दिवस चल. संध्याकाळी हो म्हण, नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालास तर बिडवे पुन्हा तुझ्या दारात येणार नाही."

हा रविवार मला टाळता येण्यासारखा नव्हता. उपळेकर डॉक्टरांनी कागद तयार करून ठेवला होता. पुढची दहा वर्षं मी त्यांच्याकडेच काम करीन, दुसरीकडे नाही, स्वतःचं तर नाहीच, असं लिहून द्यायचं होतं. सोमवारी सही. त्यांनी अगदी गोड बोलून सांगितलं होतं, "पोतदार, तुम्हाला काय, खोली आहेच." दहा वर्षं म्हणजे मी त्रेचाळीसचा होणार, संडासाला लागून.

म्हणून गेलो.

कोळेगावच्या बाजारात बिडव्यानं लिंबाखाली ताडपत्री अंथरली. एका बाजूला शेरडांचा बाजार, दुसऱ्या बाजूला सुकट-बोंबील. झाडाला आरसा बांधला. बादलीत पाणी घेऊन त्यात जांभळं औषध टाकलं. बिडव्याच्या घरी बसून कवळ्या मी दोन दिवस घासल्या होत्या, तासतासभर उकळल्या होत्या. त्या ताडपत्रीवर ओळीनं मांडल्या तेव्हा अशा चमकल्या की शेरडं बिचकली. मी नाकावर रुमाल बांधून मागं बसलो, हातात कानस आणि पॉलिशचं फडकं. माझी कल्पना अशी की बिडवे देईल ती कवळी घासायची आणि परत द्यायची. दवाखान्यातल्यासारखंच.

"या मामा! या मावशी! दात घ्या दात! घालून बघा, चावून बघा, आवडले नाहीत तर थुंकून टाका!"

आणि लोक आले. अहो, पहिल्यांदा लाजले, मग असे तुटून पडले की काय सांगू. एक म्हातारा बसला आणि त्यानं ओळीनं अकरा कवळ्या तोंडात घालून बघितल्या. काढली की धोतराला पुसायची, खाली ठेवायची, पुढची उचलायची. त्याच्या मागं त्याचा भाऊ बसला होता. तो त्या धोतराला पुसलेल्या कवळ्या त्याच क्रमानं स्वतःच्या तोंडात घालत होता. थुंकीच्या तारा एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत तुटत नव्हत्या. बादली तर नुसती बिडव्यानं शोभेला ठेवलेली. दुपारपर्यंत तिच्यातलं जांभळं पाणी राखाडी झालं, वर साय धरली, आणि त्या सायीवर माश्या उतरल्या त्या परत उडाल्या नाहीत. शेवटी त्या दोघा भावांनी मिळून एकच कवळी पसंत केली. सकाळची भाकरी थोरल्यानं खायची, संध्याकाळची धाकट्यानं. वर मला विचारतात, "मटन असलं तर कुनी घालायची वो?"

एक बाई वरची कवळी घालून आरशापुढे उभी राहिली आणि मोठ्यानं सासूला शिव्या देऊन बघितल्या. सासू मेलेली. "सगळे शब्द नीट येत्यात," म्हणाली आणि घेऊन गेली.

"दिगंबरशेठ, याला डाव्या बाजूला टोचतंय," बिडवे ओरडला आणि एका दाढीवाल्या गड्याला माझ्यापुढं बसवलं.

"काढून दे, घासतो."

"कुठं घासणार? टोचतंय कुठं ते आत बघितल्याशिवाय कळणार कसं तुला?"

आता तुम्हाला सांगतो, आठ वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसानं त्या दिवसापर्यंत कुणाच्या तोंडात बोट घातलेलं नव्हतं. माझ्याकडे यायची ती प्लास्टरची तोंडं. पांढरी, कोरडी, गप्प. त्या गड्यानं तोंड उघडलं आणि तंबाखूचा गरम वाफारा माझ्या रुमालातून आत शिरला. मी तर्जनी आत घातली. हिरडी मऊ होती, बोटाखाली हलत होती, आणि जीभ आपली मधूनमधून येऊन बोट चाखून जात होती. मी टोचणारी जागा चाचपून घेतली, हात बाहेर काढला, लिंबामागं गेलो आणि सकाळचा नाष्टा सुकटवाल्याच्या पाटीशेजारी ओकून टाकला. सुकटवाला म्हणाला, "माझ्या मालाला नावं ठेवू नका, वास तुमच्याकडनं येतुया."

परत येऊन बसलो. त्याची कवळी घासली, घातली, काढली, पुन्हा घासली. ती बसली. गड्यानं टाळी दिल्यासारखे दात वाजवले. पुढचा आला. बाराच्या सुमाराला रुमाल गळ्यात आला होता. तिसऱ्या-चौथ्या तोंडानंतर मी मोजायचं सोडलं.

खरं सांगायचं तर मला ते जमत होतं. उपळेकर डॉक्टरांना आठवडा लागायचा ते मी आंब्याची फोड खाऊन होईल एवढ्या वेळात करत होतो, आणि माणूस समोर बसून म्हणत होता, "आता न्हाई टोचत." मला. डॉक्टरांना नाही. मी नाक मुरडत होतो आणि त्याच वेळी मनात पाटीवरची अक्षरं काढत होतो.

मग म्हादू आप्पा नावाचे एक म्हातारे आले. काठी टेकत, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला आलेली.

"सहा वर्सं झाली," लेक म्हणाली. "भाकरी कुस्करून दुधात घालून देती. बोंबलत्यात, पर खात्यात."

"मला कडक भाकरी खायाचीया," आप्पा म्हणाले. उच्चार असा की मला दोनदा विचारावं लागलं. त्यांनी धोतराच्या सोग्यातून फडकं काढलं. त्यात कडक भाकरी होती, पापडासारखी वाळवलेली, ज्वारीची. ते ती घरूनच घेऊन आले होते, आधी दात, मग भाकरी.

बिडव्यानं चार-पाच कवळ्या दाखवल्या. एकही बसेना. मग त्यानं स्वतःच्या पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली एक जोडी काढली. "ही ठेवणीतली होती. बघा, कोरी करकरीत! पोत्यात टाकवेना."

आप्पांनी ती घातली आणि त्यांचा चेहरा जागच्या जागी भरून आला. गाल वर आले, ओठ सरळ झाले. लेक "अगं बया" म्हणाली. आप्पांनी डाव्या बाजूला बोट लावून दाखवलं, थोडं टोचतंय. मी कवळी काढून हातात घेतली आणि सवयीनं उलटी केली.

मागं, कोपऱ्यात, 'दि'.

त्याचं मला काही वाटलं नसतं. माझी शेकडो कामं गावात होती, त्यातली एखादी मोडीत यायचीच. मी ती सुलटी केली. वरचा समोरचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. असा वाकडा दात कुणी मुद्दाम घडवत नाही. मी घडवला होता, एकदाच. अण्णांचा तसा होता. त्यांची बत्तिशी गेली तेव्हा डॉक्टरांनी माप तेवढं काढून दिलं, दवाखाना सुटल्यावर थांबून मी त्यांच्यासाठी कवळी केली, आणि आरशात त्यांना त्यांचाच चेहरा दिसावा म्हणून तो दात तसाच वाकडा बसवला. अण्णा ती तीन वर्षं वापरत होते. मी घरात पाऊल टाकलं की ती त्यांच्या तोंडात असायची. ते गेल्यावर आईनं ती अस्थींबरोबर नदीत सोडली असणार, असं मी धरून चाललो होतो.

मी दाढा उजेडात धरल्या. माणूस चावायला लागला की दाढांचे उंचवटे झिजतात; वर्षभरात त्या गुळगुळीत होतात, दोन वर्षांत सपाट. या दाढांवर माझ्या कानशीचे ओरखडे जसेच्या तसे होते. हिरडीकडच्या बाजूला मी दिलेलं पॉलिश अजून आरशासारखं. विड्याचा डाग नाही, चहाचा नाही. या कवळीनं तीन वर्षांत भाताचं शीतसुद्धा चावलेलं नव्हतं.

"कुठून आणलीस ही?" मी बिडव्याला विचारलं.

"बार्शीतूनच कुठल्या तरी घरातून, दोन वर्षं झाली असतील. कुणीतरी कोटाबरोबर दिली. पातेलं दिलं होतं मी, झाकणासकट. का?"

"ही विकायची नाही."

आप्पांना ते ऐकू गेलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "दादा, बसलीया ती. दुसरी कुठलीच बसली न्हाई." तोंड पुन्हा आत गेलेलं, आणि डोळ्यांत इतकी भीती की जणू मी त्यांच्या तोंडातला घास काढून घेतला. तो घास फडक्यावर तसाच पडून होता.

"कुणाची आहे?" लेकीनं विचारलं.

मी कानस उचलली आणि डाव्या बाजूला, अण्णांच्या हिरडीसाठी मी जी कड ठेवली होती, तिच्यावर चालवली. गुलाबी भुकटी माझ्या मांडीवर पडली. एकदा घालून बघितली, पुन्हा काढली. आणखी थोडं घासलं. चार फेऱ्यांत अण्णांचं माप गेलं आणि म्हादू आप्पांचं आलं.

आप्पांनी कडक भाकरीचा तुकडा मोडला, दातांत धरला. कट्ट! शेरडांच्या बाजारातली दोन माणसं वळून बघायला लागली. आप्पा कुणाकडेही न बघता खात राहिले. लाळ हनुवटीवरून गळत होती, चुरा मिशीत, माझ्या हातावर, ताडपत्रीवर. अर्धी भाकरी संपली, अख्खी संपली. बघणाऱ्याला शिसारी यावी असं ते खाणं होतं. मला त्यांच्यावरून नजर हलवता आली नाही. शेवटी त्यांनी माझा तोच लाळेनं माखलेला हात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

दिवे लागायच्या वेळी घरी आलो. बिडव्याला बाजारातच सांगून आलो होतो की उत्तर सकाळी देईन. आई चुलीपुढे दूध तापवत होती. पातेलं स्टीलचं होतं, झाकणासकट. दोन वर्षं त्याच पातेल्यातलं दूध मी पीत होतो.

"अण्णांची कवळी तू बिडव्याला दिलीस," मी म्हणालो.

तिनं मागं वळून बघितलं नाही. "कोट दिला. त्याच्या खिशात होती."

"त्यांनी ती कधी वापरलीच नाही."

"वापरायचे की. तू फाटकाशी आलास की घालायचे." दूध वर येत होतं, तिनं फुंकर घातली. "तू बाहेर पडलास की काढायचे. तीन वर्षं कुस्करून दिलं मी त्यांना. दूध-भाकरी, दूध-भाकरी. कडक भाकरी फोडून खायची सवय त्यांना, आणि ते वाटीत बोट फिरवत बसायचे."

"टोचत होती का? सांगायचं होतंस मला."

"टोचत नव्हती रे."

"मग?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "किळस यायची त्यांना."

"कवळीची?"

"तुझ्या हातांची." तिनं पातेलं खाली उतरवलं. "लोकांच्या तोंडातलं काम करून आलेले हात. ते म्हणायचे, पोराला कळू देऊ नको. म्हणून घालायचे. नाहीतर शिवलेही नसते."

मी ओट्यावर बसलो. हात अजून धुतलेले नव्हते. आप्पांच्या भाकरीचा चुरा नखात होता.

"आणि तुला?" मी विचारलं.

आईनं खोटं बोलावं असं मला वाटत होतं. ती खोटं बोलली नाही. "तुझं ताट मी वेगळं घासते," म्हणाली. "राखेनं, दोनदा. आठ वर्षं."

मग मी तिला बाजार सांगितला. सगळा सांगितला, भाऊ, सासू, सुकटवाला, ओकारी. ऐकून तिला एकदा खरोखर उमासा आला, तिनं तोंडावर हात धरला. शेवटी म्हादू आप्पांचं सांगितलं. त्यांची भाकरी, ती कवळी, मी मारलेली कानस.

आईनं हात खाली घेतला. "यांच्याच कवळीनं?"

"हो."

"कडक?"

"पापडासारखी."

"आवाज आला?"

"सगळ्या बाजारात गेला."

ती चुलीकडे बघत राहिली. दूध निवलं, साय धरली.

सोमवारी सकाळी बिडवे दारात हजर. पोतं खांद्यावर. मी अंगणातच थांबवलं.

"दुकान काढणार," मी म्हणालो. "डॉक्टरांच्या कागदावर सही करणार नाही. पण पोतं नको. ज्याच्या तोंडाचं माप त्याचीच कवळी. उशीर लागेल, स्वस्त होणार नाही, पण तशीच."

"आणि तोवर खेड्यातल्या माणसांनी काय करायचं? काल तो म्हातारा जेवला ना?"

"जेवला," मी म्हणालो. "तू जा बिडवे."

"सोनार तो सोनारच," तो म्हणाला आणि गेला. पुढं त्यानं चष्म्यांचा धंदा काढला, तोही मेलेल्यांच्या. फार चालला. मला एकदा भेटल्यावर म्हणाला, यात किळसच नाही, डोळ्याला कुठं चव असते?

मी वळलो तर आई कमरेची किल्ली काढून पुढं चालू लागली होती. पेठेत जाऊन तिनं स्वतः कुलूप काढलं, एकेक फळी उचलायला मला लावली. आत अण्णांची गादी, ऐरण, धुळीनं पांढरी झालेली शेगडी. गादीकडे तिनं बघितलं नाही. गिऱ्हाईक बसायचं त्या बाजूला जाऊन पाट ओढला आणि बसली.

"माझे पाच राहिलेत," म्हणाली. "तेही हलतात. घे माप."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचा?"

मी शेजारच्या हॉटेलातून गरम पाणी आणलं, मापाचं मेण त्यात मऊ केलं. "आई, हात धुऊन येतो."

"दोनदा धुतलेस. बघितलं मी."

तिनं तोंड उघडलं. मिश्रीचा काळा थर, पाच दात, सुकलेल्या हिरड्या, सकाळच्या लसणाचा वास. आईचं तोंड आहे म्हणून पोट ऐकतं असं काही नाही. मी मेण बोटांवर घेतलं आणि हात आत घातला, पार मागं, टाळूपर्यंत.

तिला उमासा आला. सगळं अंग आवळलं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तिनं झटकन माझं मनगट पकडलं. मला वाटलं, हात बाहेर ओढणार. मी सैल सोडला.

तिनं ओढला नाही. आहे तिथंच दाबून धरला, आणि मेण घट्ट होईपर्यंत सोडला नाही.